पहिल्या गिअरमधली थरथर

गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली, क्लच सोडत आणला आणि सीटपासून डॅशबोर्डपर्यंत सगळं थरथरायला लागलं, की गाडीतली माणसं आधी ड्रायव्हरकडे बघतात. मालक म्हणतो, याने हाफ क्लच मारून प्लेट जाळली. ड्रायव्हर म्हणतो, मिस्त्रीने प्लेट नीट बसवली नाही. मिस्त्री म्हणतो, माल डुप्लिकेट होता. बीड जिल्ह्यात हे भांडण जीपच्या स्टँडवर, उसाच्या ट्रॅक्टरपाशी, अगदी लग्नाच्या वऱ्हाडातसुद्धा ऐकायला मिळतं. त्यात पैसे गुंतलेले असतात. क्लच उतरवायचा म्हणजे गिअरबॉक्स खाली घ्यायचा. मिस्त्रीची मजुरी, नवी प्लेट आणि गाडी उभी राहिली त्या दिवसांचं भाडं, हे सगळं कुणाच्या तरी अंगावर पडतं. कधी कधी ते ड्रायव्हरच्या पगारातून कापलं जातं.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे एक साधी शिस्त असते: दोष कुठे आहे हे सापडेपर्यंत दोष कुणाचा यावर बोलायचं नाही. क्लचच्या थरथरीला ही शिस्त लावायची असेल तर तिचा इतिहास थोडा माहीत असावा लागतो. गाडीखाली आज जे भाग दिसतात, त्यातले बरेचसे कधी ना कधी ही थरथर थांबवायलाच बसवले गेले आहेत. आणि तो इतिहास मांजरसुंब्याच्या घाटापर्यंत येऊन पोचतो.

पकड आणि घसरण

इंजिनाची एक अडचण आहे. ते शून्यापासून ओढू शकत नाही. मिनिटाला सातशे-आठशे फेरे चालू असतील तरच ते जिवंत राहतं. चाकं मात्र उभी असतात. फिरणारं इंजिन आणि उभी चाकं यांची गाठ हळूहळू घालून देणं, एवढंच क्लचचं काम.

इंजिनाला जोडलेलं जड फ्लायव्हील एका बाजूला, स्प्रिंगच्या जोरावर दाबणारी प्रेशर प्लेट दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये दोन्ही बाजूंनी लायनिंग लावलेली क्लच प्लेट. पेडल दाबलं की दाब सुटतो. पेडल सोडत आणलं की प्लेट आधी घसरते, मग पकडते. हा घसरण्याचा काळ एक-दोन सेकंदांचा असतो. थरथर जन्मते ती याच वेळात.

ज्वारीचं भरलेलं पोतं फरशीवरून ओढून बघा. हलायच्या आधी जास्त जोर लागतो, एकदा सरकायला लागलं की कमी. फ्रान्समध्ये कुलोंबने अठराव्या शतकात घर्षणावर बरेच प्रयोग केले आणि १७८५ साली ते छापून आले. स्थिर वस्तूचं घर्षण आणि सरकणाऱ्या वस्तूचं घर्षण वेगळं असतं, हे त्याने मोजून दाखवलं. क्लचच्या लायनिंगमध्ये हा फरक जास्त असेल तर काय होतं? प्लेट घसरता घसरता जरा मंदावते, तशी पकड एकदम वाढते. प्लेट चिकटते, पुढे ओढली जाते, पुन्हा सुटते. चिकट-सूट, चिकट-सूट. सेकंदाला साधारण दहा-वीस वेळा हे घडलं की त्याचा धक्का सीटमधून तुमच्या पाठीला जाणवतो. फळ्यावर खडू किंचाळतो तोही याच कारणाने.

दुसरं कारण आकाराचं. फ्लायव्हील, प्रेशर प्लेट किंवा क्लच प्लेट यांपैकी काहीतरी किंचित वाकडं असेल, तर प्रत्येक फेऱ्यात दाब कमी-जास्त होतो. लायनिंग कितीही चांगलं असलं तरी गाडी धक्के खातच राहते. ही दोन कारणं वेगळी धरली की पुढचं सगळं सोपं होतं.

चामडं, एरंडेल आणि मुलतानी माती

सुरुवातीच्या मोटारींमध्ये बहुतेक क्लच शंकूच्या आकाराचे असत. एक लोखंडी शंकू दुसऱ्यात घुसायचा आणि मध्ये चामड्याचं अस्तर. चामडं सुकलं की क्लच एकदम पकडायचा आणि गाडी बेडकासारखी उडी मारायची. मग चामड्याला एरंडेल तेल पाजायचं. तेल जास्त झालं की क्लच घसरायचा, मग त्यावर मुलतानी माती भुरभुरायची. आपल्याकडे जी माती चेहऱ्याला लावतात तीच जात. शोफरच्या कामाचा हा एक भागच होता. म्हणजे त्या काळी थरथरीचा इलाज चालवणाऱ्याच्या हातात होता, आणि दोषही त्याच्याच माथी.

इंग्लंडच्या डर्बीशायरमध्ये हर्बर्ट फ्रूड नावाचा माणूस होता. डोंगर उतरताना गाडीवान चाकाला घासण्यासाठी लाकडी ठोकळ्यावर जुने बूट अडकवतात, हे त्याने पाहिलं असं सांगतात. बूट लाकडापेक्षा चांगली पकड देतात, पण लवकर झिजतात. फ्रूडने १८९७ मध्ये स्वतःचा धंदा सुरू केला आणि धाग्यांत डांबरी चिकट पदार्थ मुरवून ब्रेकचे ठोकळे बनवले. त्याच्या आडनावाची अक्षरं फिरवून आणि एक अक्षर वाढवून बनलेलं नाव आजही स्पेअरच्या दुकानात दिसतं: फेरोडो.

सुताची अडचण अशी की ते तापलं की जळतं. मोटारी जड आणि वेगवान होत गेल्या तशी उष्णता वाढली. १९०८ मध्ये फ्रूडच्या कंपनीने ॲस्बेस्टॉस वापरून लायनिंग तयार केलं. ॲस्बेस्टॉस म्हणजे दगडातून निघणारा धागा. तो विणता येतो, जळत नाही आणि त्याची पकड बरीच एकसारखी राहते. चामड्याचा शंकू मागे पडला, सपाट कोरडी प्लेट आली. पुढे प्लेटच्या दोन लायनिंगच्या मध्ये लाटांसारखे वळवलेले पातळ पत्रे आले, म्हणजे पकड एकदम न होता दबत दबत व्हावी. मधोमध गोल मांडलेल्या छोट्या स्प्रिंगा आल्या, म्हणजे इंजिनाचे धक्के गिअरबॉक्सपर्यंत जाऊ नयेत. जुनी क्लच प्लेट कधी हातात घेतली तर हे दोन्ही भाग नीट दिसतात.

रेल्वे नसलेलं गाव, जीपवाला जिल्हा

आता बीडकडे येऊ. हा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. संस्थानाने १९३२ मध्ये २७ बस घेऊन स्वतःची सरकारी बससेवा सुरू केली. मुंबई राज्याची एसटी त्यानंतर सोळा वर्षांनी, १ जून १९४८ रोजी, शेजारच्या अहमदनगरहून पुण्याला निघाली. मराठवाड्याची बससेवा महाराष्ट्राच्या एसटीत आली ती १९६१ मध्ये.

रेल्वेचं मात्र वेगळं. परळीला रेल्वे निजामाच्या काळातच पोचली, पण ती जिल्ह्याच्या एका टोकाला. अहमदनगर-बीड-परळी मार्ग १९९५ साली मंजूर झाला. प्रत्यक्ष बीड शहरातून पहिली प्रवासी गाडी सुटली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिदिनाच्या मुहूर्तावर. हैदराबाद संस्थान भारतात आलं त्याला त्या दिवशी ७७ वर्षं पूर्ण होत होती. इतका काळ जिल्ह्याच्या ठिकाणाहून जे काही हललं ते रबरी चाकांवर हललं, आणि त्यातलं जवळजवळ सगळं क्लचमधून गेलं.

जिल्ह्याचा भूगोलही क्लचची परीक्षा बघणारा. गोदावरीकाठची गेवराई-माजलगावची गंगथडी सपाट आहे. दक्षिणेला बालाघाटचे डोंगर. मांजरसुंब्याचा घाट, धारूरचा घाट. एसटी मुख्य रस्त्याने जायची. वाडी, वस्ती, तांडा यांना जीप. महिंद्राने स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबईत विलीज जीप जोडायला सुरुवात केली, तिची पुढची भावंडं काळी-पिवळी होऊन मराठवाड्यात फिरली. १९५८ मध्ये जर्मन सहकार्याने बजाज टेंपो सुरू झाली आणि 'टेंपो' हा मराठीतला साधा शब्द होऊन बसला. त्याच कंपनीची ट्रॅक्स आली, २००० साली बोलेरो आली. दसऱ्यानंतर कोयते घेऊन कारखान्यांकडे निघालेली कुटुंबं ट्रकमध्ये नाहीतर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसली.

नऊ-दहा माणसांच्या जीपमध्ये वीस माणसं, टपावर सामान, मागे लटकलेले दोघे. घाटात पुढचा ट्रक थांबला की ड्रायव्हर हँडब्रेक ओढत नाही, हाफ क्लचवर गाडी धरून ठेवतो. याचा ढोबळ हिशोब करून बघू. दोन टनांची भरलेली गाडी, पंधरा मीटर अंतराला एक मीटर चढ. ती जागेवर धरायला साधारण १३०० न्यूटन जोर लागतो. पहिल्या गिअरमध्ये मंद इंजिनाचा वेग चाकाशी ताशी आठेक किलोमीटर भरतो, म्हणजे सेकंदाला सव्वादोन मीटर. गुणाकार करा: जवळजवळ तीन किलोवॅट. तीन कपड्यांच्या इस्त्र्या एकाच वेळी त्या हातभर प्लेटवर चालू ठेवल्यासारखं. गाडी हलत नाही, त्यामुळे ही सगळी शक्ती उष्णतेतच जाते.

अशी प्लेट वारंवार तापली की लायनिंगचा वरचा थर काचेसारखा गुळगुळीत होतो आणि फ्लायव्हीलवर निळे डाग पडतात. त्या डागांच्या जागी लोखंड कडक होतं, आजूबाजूला तसंच राहतं. पकड एकसारखी राहत नाही. थरथर सुरू. इथे दोष हाफ क्लचचा, हे खरं. पण गाडीत वीस माणसं कुणी भरली, हेही त्याच हिशोबात धरावं लागतं. जोर वजनाच्या प्रमाणात वाढतो.

शोधायचं कसं

जीपच्या इतिहासात थरथरीविषयी एक बोलका पुरावा आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपमध्ये इंजिनाला मागे क्रॉस मेंबरशी बांधून ठेवणारी एक तारेची दोरी होती. इंजिन रबराच्या तुकड्यांवर बसलेलं, क्लच पकडताना ते पुढे-मागे डुलायचं, म्हणून ही दोरी. म्हणजे इंजिनाच्या डुलण्याचा आणि क्लचच्या वागण्याचा संबंध ऐंशी वर्षांपूर्वीच्या इंजिनिअरांनी ओळखला होता. इंजिन डुललं की क्लचची ओढही कमी-जास्त होते, त्याने इंजिन आणखी डुलतं.

माझं गाव पाटोदा तालुक्यात. घरच्या जुन्या बोलेरोला ही थरथर लागली तेव्हा एका गॅरेजने गिअरबॉक्स उतरवून पूर्ण क्लच सेट बदलला. थरथर तशीच राहिली. दुसऱ्या एका उस्तादांनी बॉनेट उघडलं, हँडब्रेक ओढायला लावला, चाकांना दगड लावले, समोरून सगळ्यांना बाजूला केलं आणि मला पहिल्या गिअरमध्ये क्लच अगदी हळू सोडायला सांगितलं. इंजिन एका बाजूला उचललं जात होतं. एका बाजूचं फाउंडेशन फाटलेलं होतं. गॅरेजच्या भाषेत फाउंडेशन म्हणजे इंजिन माउंटिंगचं रबर. ते बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागला नाही.

त्या उस्तादांची रीत मी नंतर मुद्दाम विचारून घेतली. तिचा क्रम असा.

पहिला प्रश्न, कधी होतं? पावसाळ्यात गाडी चार दिवस उभी होती आणि सकाळी दोन-तीनदाच थरथरली, तर फ्लायव्हीलवर बारीक गंज किंवा ओल. ती घासून जाते, काही उघडू नका. गाडी तापल्यावरच, घाटानंतरच होत असेल, तर लायनिंग गुळगुळीत झालंय किंवा फ्लायव्हील निळं पडलंय. थंड-गरम दोन्ही वेळा सारखंच असेल, तर आकार किंवा आधार बघा.

दुसरा, बाहेरून काय दिसतं? आधी फाउंडेशन. मग मागच्या चाकांना ओढणारी गाडी असेल तर प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस हाताने हलवून बघा, ढिले असतील तर सुटताना टक-टक येते. मग क्लचची केबल. ती आत अडकत असेल तर पेडल एकसारखं सुटत नाही आणि धक्का बसतो. या तीन गोष्टी बघायला फारसा खर्च नाही.

तिसरा, तेल आहे का? इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जुळतात तिथे खाली ओल दिसली तर क्रँकच्या मागचं नाहीतर गिअरबॉक्सच्या पुढचं ऑइल सील गेलंय. तेल लागलेली प्लेट घसरते आणि चिकटतेही. सील न बदलता नुसती प्लेट बदलली, तर नव्या प्लेटलाही तेल लागणार.

एवढं झाल्यावरच गिअरबॉक्स खाली. आता फ्लायव्हीलचा पृष्ठभाग बघायचा. निळे डाग, बारीक तडे असतील तर लेथवर घासून घ्यायचं, फार झिजलं असेल तर बदलायचं. जुन्या जीपच्या प्रेशर प्लेटला तीन बोटं असायची. ती एका पातळीत नसतील तर प्लेट तिरकी दाबली जायची, म्हणून मिस्त्री ती मोजून लेव्हल करत. नंतर आलेल्या डायफ्राम स्प्रिंगमध्ये ती तीन बोटं जाऊन एकाच गोल पत्र्याच्या अनेक पाकळ्या आल्या, आणि लेव्हलचं काम कारखान्यातच होऊ लागलं. तरी एखादी पाकळी बसली असेल तर दिसते. शेवटी नवी प्लेट बसवताना हात स्वच्छ. ग्रीसचं बोट लायनिंगला लागलं तर तेच पुढच्या थरथरीचं कारण. स्प्लाइनला ग्रीस लावायचं ते अगदी थोडं, नाहीतर फिरताना उडून लायनिंगवर जातं. नवी प्लेट बसल्यावर काही दिवस किंचित थरथर येऊ शकते, दोन्ही पृष्ठभाग एकमेकांशी घासून जुळेपर्यंत. त्या दिवसांत ओझं कमी ठेवायचं.

डबीतली धूळ

आता त्या दगडी धाग्याचा उरलेला इतिहास. १९२४ मध्ये इंग्लंडमधल्या रॉचडेलची नेली केर्शॉ ही ॲस्बेस्टॉसच्या गिरणीत काम केलेली बाई वयाच्या तिशीतच फुप्फुसं निकामी होऊन वारली. विल्यम कुक या डॉक्टरने तिची नोंद वैद्यकीय मासिकात केली. ॲस्बेस्टॉसने होणाऱ्या या आजाराला पुढे ॲस्बेस्टॉसिस नाव पडलं. ती जिथे काम करायची त्या टर्नर कंपनीच्या समूहातच १९२०च्या दशकात फ्रूडची फेरोडो सामील झाली. थरथर थांबवणारा धागा कुणाच्या छातीत जातो, हे त्या धंद्याला तेव्हापासून माहीत होतं. ब्रिटनमध्ये त्याच्यावर पूर्ण बंदी यायला १९९९ उजाडलं.

आपल्याकडेही लायनिंग बनत होतं. मुंबईत घाटकोपरला हिंदुस्तान फेरोडोचा कारखाना होता. २७ जानेवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ॲस्बेस्टॉस कामगारांच्या प्रकरणात निकाल दिला. प्रत्येक कामगाराच्या आरोग्याची नोंद कामाला लागल्यापासून ४० वर्षं किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षं, यात जे नंतर येईल तोपर्यंत ठेवावी, असं त्यात म्हटलं. इतकी वर्षं का? कारण हा आजार धूळ छातीत गेल्यावर दशकांनी उगवतो. २००५ मध्ये मुरलीधर आणि कान्हेरे यांनी मुंबईतल्या एका ॲस्बेस्टॉस कारखान्याच्या कामगारांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तपासलेल्या कामगारांमध्ये पाचांत एकाहून अधिक जणांना ॲस्बेस्टॉसिस निघाला.

पण न्यायालयाचा तो आदेश कारखान्यासाठी होता. रस्त्याकडेच्या पत्र्याच्या गॅरेजमधल्या हेल्परची नोंद ठेवणारं कुणी नाही. भारतात ॲस्बेस्टॉसच्या खाणी थांबल्या, आयात थांबली नाही. नामांकित कंपन्यांच्या क्लच प्लेटच्या खोक्यावर आज 'ॲस्बेस्टॉस फ्री' असं छापलेलं असतं. जुन्या गाडीत वर्षानुवर्षं बसलेल्या, किंवा जुन्या प्लेटवर स्वस्तात नवं लायनिंग रिव्हेट करून घेतलेल्या प्लेटचं खोकं कुणी बघितलेलं नसतं. बेल हाउसिंग उघडलं की आत झिजलेल्या लायनिंगची काळी भुकटी साठलेली असते. आणि ती साफ करायची सगळीकडची पद्धत एकच: हवेचा पाइप घ्यायचा आणि फुंकायचं.

चामड्याच्या काळात थरथरीची किंमत शोफरने मोजली. ॲस्बेस्टॉसने ती त्याच्याकडून काढून घेतली आणि गिरणीतल्या बाईकडे, कारखान्यातल्या कामगाराकडे, गॅरेजमधल्या पोराकडे दिली. गाडी मऊ सुटायला लागली, म्हणून ही बदली कुणाच्या लक्षात आली नाही.

इलेक्ट्रिक गाडीला असा क्लच लागत नाही, त्यामुळे ही थरथर एक दिवस गाड्यांबरोबर जाईल. पण बालाघाटात फिरणाऱ्या जुन्या जीप, पिकअप आणि ट्रॅक्टर अजून बरीच वर्षं गिअरबॉक्स उतरवून घेत राहतील. तोपर्यंत दोन गोष्टी आपल्या हातात आहेत. मालक असाल, तर ड्रायव्हरचा पगार कापण्याआधी बॉनेट उघडून फाउंडेशन बघा. आणि गिअरबॉक्स खाली आला, की हवेचा पाइप लावू देऊ नका. भुकटीवर आधी पाणी शिंपडा, ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं पिशवीत बांधून टाका. त्यात ॲस्बेस्टॉस नसेल तर दहा मिनिटं वाया गेली. असेल, तर पाइप धरून बसलेल्या सोळा-सतरा वर्षांच्या पोराला त्याचा त्रास कदाचित चाळिशी-पन्नाशीत होईल, आणि तेव्हा त्याला दम का लागतो याचं उत्तर शोधायला ती गाडीही नसेल आणि तिचा मालकही.